माथ्यावरचा शेजारी



पाऊस लहरी झाला आहे. कधी ओढ देतो, कधी एका रात्रीत माती वाहून नेतो. आपण प्रार्थना करतो, पण शेजाऱ्याशी बोलत नाही. एकट्याने घातलेला बांध वरच्या रानातला लोंढा फोडून टाकतो. जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे नेले. श्रमदान व चराईबंदी गावांनी स्वतः स्वीकारली. १९९३ मध्ये 'वॉटर' संस्था निघाली, ती गावकऱ्यांना हे काम शिकवण्यासाठी. सरकारी पैसा लागतोच, पण त्याआधी एकी हवी. माथ्यावरचा शेतकरी आपल्या धर्माचा नसेल, बांधावरून त्याच्याशी वादही असेल. तरी येत्या रविवारी मिस्सानंतर त्याच्या घरी जा. आधी समेट, मग चर. प्रभू आपल्या श्रमांना यश देवो.