अरण्यांतील दोन बंदुका

मागें श्वापद, पुढें दुथडी भरलेली नदी, पोटांत अन्नाचा कण नाहीं, आणि अशा स्थितींतहि जो जगतो, त्या एकाकी मनुष्याचे चित्रपट आज घरोघरीं पाहिले जातात. तरुण मंडळी ते मोठ्या आवडीनें पाहतात. वडील मंडळी ‘ह्यांत आहे तरी काय?’ असें म्हणत शेजारीं बसतात आणि शेवट झाल्याविना उठत नाहींत. ही आवड आजकालची नव्हे. रामायणाच्या सात कांडांपैकीं एकाचें नांवच अरण्यकांड आहे; महाभारताचें तिसरें पर्व तें वनपर्व. ग्रामांत मनुष्याभोवतीं घर, नातें, पैसा, पदवी यांचें कवच असतें. अरण्यांत तें गळून पडतें आणि आंतला मनुष्य कसा आहे हें दिसूं लागतें. म्हणून अशा चित्रपटांत अस्वल किती खरें दिसलें यापेक्षां मनुष्य किती खरा दिसला, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्या दृष्टीनें दोन चित्रपट वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं या वेळीं योजिलें आहे.

पहिला ‘द रेव्हनंट’, म्हणजे मृत्यूच्या दारांतून परत आलेला. अलेहांद्रो इन्यारितू यांनीं तो २०१५ सालीं काढला. दिग्दर्शन, लिओनार्डो डिकॅप्रियो यांचा अभिनय आणि छायालेखन या तिहींस २०१६ सालीं ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. बहुतेक चित्रण नैसर्गिक प्रकाशांत झालें आहे. कॅनडांतील बर्फ वितळल्यामुळें शेवटच्या भागासाठीं सर्व मंडळी थेट अर्जेंटिनाच्या दक्षिण टोंकास गेली. पडद्यावरील थंडी पाहणाऱ्याच्या हाडांत शिरते ती उगीच नव्हे.

कथेचें मूळ मात्र इतिहासांत आहे. ऑगस्ट १८२३ मध्यें अमेरिकेच्या पश्चिम भागांत, आज ज्यास साउथ डकोटा म्हणतात त्या प्रदेशांत, केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या शिकाऱ्यांची एक टोळी चालली होती. तींतील ह्यू ग्लास या इसमावर पिलांसह असलेल्या अस्वलीनें झडप घालून त्यास फाडलें. प्रदेश शत्रूचा, आरिकारा लोकांशीं या व्यापाऱ्यांची नुकतीच लढाई झालेली. तेव्हां टोळीनायकानें बक्षिसाचें वचन देऊन दोघांस मागें ठेविलें. काम एवढेंच, कीं ग्लास मरेपर्यंत त्याच्यापाशीं राहावें आणि मग त्यास मूठमाती द्यावी. एकाचें नांव फिट्झजेराल्ड. दुसरा कोवळा पोरगा, तो जिम ब्रिजर असावा असें परंपरा सांगते. दिवस लोटूं लागले, ग्लास मरेना. शेवटीं त्याची बंदूक, सुरी आणि बाकीचें सामान उचलून दोघे निघून गेले.

ग्लास शुद्धीवर आला. प्रथम सरपटत, मग लंगडत, वाटेंत कंदमुळें व रानफळें खात तो दोनशें मैलांहून अधिक अंतर तोडून मिसुरी नदीवरील फोर्ट कायोवा येथें पोहोंचला. पुढें त्यानें त्या दोघांचा शोध घेतला. पोराचें वय पाहून त्यानें त्यास सोडून दिलें, असें सांगतात. फिट्झजेराल्ड सैन्यांत भरती झाला होता, आणि सरकारी शिपायास मारणें म्हणजे आपला गळा फांसांत घालणें. ग्लासनें आपली बंदूक परत घेतली आणि तो पुन्हां आपल्या धंद्यास लागला. १८३३ सालीं यलोस्टोन नदीकांठीं आरिकारांच्या हातून त्यास मृत्यु आला. त्यानें स्वतः ही हकीकत लिहून ठेविली नाहीं. ती १८२५ सालीं फिलाडेल्फियाच्या एका मासिकांत प्रथम छापून आली.

चित्रपटानें या वृत्तांत एक भर घातली आहे. ग्लासला एक मुलगा दाखविला आहे आणि फिट्झजेराल्ड त्या मुलाचा खून करतो. अशा मुलाचा इतिहासांत दाखला नाहीं. ऑगस्टाचा महिना टाकून हिवाळा घातला तो देखाव्यासाठीं. तें आम्ही समजूं शकतों. परंतु मुलाचा वध घातला तो सूडासाठीं, आणि येथें कथेचा तोल बिघडला असें आम्हांस वाटतें. कारण पुत्रघातक्याचा न्याय करण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. प्रेक्षक पहिल्याच क्षणीं निकाल देऊन मोकळा होतो. खऱ्या हकीकतींतील ते दोघे राक्षस नव्हते. त्यांनीं ग्लासला मारलें नाहीं; केवळ त्याचें मरण फार लांबलें आणि त्यांचा धीर सुटला.

वाचकहो, हें आपणांस अगदींच परकें आहे काय? एकत्र कुटुंबांत अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची शुश्रूषा ज्यांनीं केली आहे, त्यांस ठाऊक आहे कीं पहिले आठ दिवस उशापाशीं सारें घर असतें. महिने लोटले म्हणजे कोणास कचेरी आठवते, कोणास परीक्षा, आणि अखेर एखादी सूनच तेवढी तेथें उरते. कोणी दुष्ट नसतें; प्रत्येकाचें कारण खरेंच असतें. तरी निजलेल्या मनुष्यास सारें कळत असतें. आमच्या वयाच्या माणसांस ग्लासच्या कथेंत अस्वलापेक्षां ती निघून जाणारी पावलें अधिक भय दाखवितात, तें याचमुळें.

दुसरा चित्रपट ‘देर्सू उझाला’. जपानचे थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीं तो १९७५ सालीं सोव्हिएट रशियांत, रशियन भाषेंत काढला; जपानीखेरीज अन्य भाषेंत त्यांनीं काढलेला हा एकच चित्रपट. परभाषीय चित्रपटाचें ऑस्कर त्यास मिळालें. व्लादिमीर आर्सेन्येव्ह हा रशियन लष्करी अधिकारी या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं उसुरी प्रदेशाची मोजणी करीत असतां देर्सू नांवाचा वृद्ध नानाई शिकारी त्याचा वाटाड्या झाला. देवीच्या सांथींत त्याचीं बायकामुलें गेलेलीं. अग्नि, पाणी, सूर्य या सर्वांस तो ‘माणसें’ म्हणतो. खांका सरोवरावर हिमवादळ उठतें तेव्हां तो गवत कापून मोजणीच्या तिकाटण्यावर रचतो आणि त्या आडोशानें अधिकाऱ्याचा जीव वांचवितो.

परंतु आमच्या मनांत ठसला तो याहून लहान प्रसंग. रानांतील एक रिकामी झोंपडी देर्सू डागडुजी करून नीट करतो आणि अधिकाऱ्यापाशीं थोडे तांदूळ, मीठ व काड्यापेटी मागतो. कशासाठीं? पुढें कोणी वाटसरू येईल, त्याला कोरडीं लांकडें सांपडतील, अन्न सांपडेल, तो मरणार नाहीं. त्या वाटसरूस देर्सूनें पाहिलें नाहीं, पुढेंहि पाहणार नाहीं.

म्हातारपणीं देर्सूची दृष्टि मंद होते. अधिकारी त्यास शहरांतील आपल्या घरीं आणतो. तेथें पाण्याला पैसे कां द्यावे लागतात आणि सरपणासाठीं झाड कां तोडूं नये, हें त्यास उमगत नाहीं. तो रानांत परत जाऊं मागतो. मंद दृष्टीच्या मित्रास नेम धरतां यावा म्हणून अधिकारी त्यास नवी उत्तम बंदूक देतो; आणि बहुधा त्याच बंदुकीच्या लोभानें कोणीतरी त्याचा खून करतो.

एक बंदूक मरणोन्मुख सोबत्यापासून नेलेली, दुसरी प्रेमानें दिलेली. दोन्ही ठिकाणीं मनुष्याचा घात मनुष्यानेंच केला. अस्वल, वाघ, हिमवादळ यांच्याशीं दोघांनींहि निभावून नेलें होतें.

पहिल्या चित्रपटांत रक्तपात फार आहे. तो लहान मुलांस दाखवूं नये. मोठ्यांनीं पाहावा आणि नंतर खरी हकीकत घरांत सांगावी, म्हणजे सूड न घेतांहि कथा पुरी होते हें तरुणांस कळेल. दुसरा मात्र आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहण्याजोगा आहे. त्याची गति संथ आहे. मुलें प्रारंभीं चुळबुळ करतील. त्यांस झोंपडीच्या प्रसंगापर्यंत थांबवून धरावें. तांदूळ, मीठ आणि काड्यापेटी कोणासाठीं ठेविली, हा प्रश्न तीं आपण होऊन विचारतील. उत्तर देण्याची घाई वडिलांनीं करूं नये.