कार्तिकातले तुडतुडे, दिव्यांचे ‘विज्ञान’ आणि घरातले विष

कार्तिक लागला की वाराणसीच्या घाटांवर दोन गोष्टी एकाच वेळी अवतरतात: दिव्यांच्या ओळी आणि हिरव्या तुडतुड्यांचे थवे. पाठोपाठ समाजमाध्यमांवर दोन संदेश फिरू लागतात. पहिला सांगतो की, पावसाळ्यातील कीटक नष्ट करण्यासाठीच पूर्वजांनी दिवाळीत दिवे लावण्याची प्रथा घातली. दुसरा बजावतो की, थंडीपासून आसरा शोधणारे कीटक घरात ठाण मांडतील, तेव्हा आताच कानाकोपऱ्यात फवारणी करून घ्यावी. पहिला अभिमानाला गोंजारतो, दुसरा भीतीला. विज्ञान दोहोंतही नाही.

दुसरा सल्ला मुळात परक्या हवामानाचा आहे. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, म्हणून काही ढेकूणवर्गीय कीटक आणि ढालकिडे शरद ऋतूत घरांच्या भिंतींतील फटींत शिरतात आणि वसंतापर्यंत तेथेच निपचित पडून राहतात. वाराणसीत जानेवारीचे सरासरी किमान तापमान 9 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथील तुडतुड्यांना माणसाच्या भिंतीची गरजच नसते. त्यांचे जगणे भाताच्या रसावर. 1997 साली वाराणसीतून वेगळा झालेला चंदौली जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. पीक पक्व होऊ लागले, रोपांतील रस आटला की प्रौढ तुडतुडे उडू लागतात. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कीटक निघालेला असतो नव्या हिरवळीकडे. वाटेत आडवा येतो तो माणसाचा दिवा.

दिव्याभोवती कीटक का घुटमळतात, यावर 2024 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पतंग, चतुर आदी कीटकांचे उड्डाण टिपले. दिसले ते असे: उडणारा कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतो. लक्षावधी वर्षे रात्रीही आकाशच जमिनीपेक्षा उजळ असल्याने ‘वर’ कोणते, हे ओळखण्याची ती खात्रीची खूण होती. कृत्रिम दिवा ती खूण बिघडवतो आणि कीटक त्याच्याभोवती फेऱ्या घालत अडकतो. म्हणजे उंबऱ्यावरील दिवा कीटकांना घरापासून दूर ठेवत नाही. जवळून जाणाऱ्यांना तो तेथेच अडकवतो.

आता थोडे गणित. पणतीची ज्योत साधारण एका मेणबत्तीएवढी धरली, तर तिचा प्रकाश सुमारे 12 ल्युमेन भरतो. दारावरचा 9 वॅटचा एलईडी दिवा सुमारे 900 ल्युमेन देतो. एक दिवा म्हणजे पंचाहत्तर पणत्या! शिवाय पांढऱ्या एलईडीच्या गाभ्यात 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो, आणि कीटकांचे डोळे अतिनील, निळ्या व हिरव्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. पणतीत होरपळणारे मूठभर कीटक शेतातील कोट्यवधींच्या हिशेबात कोठेच बसत नाहीत. देवदीपावली हा श्रद्धेचा आणि सौंदर्याचा उत्सव आहे. त्याला कीटकनाशकाचे प्रमाणपत्र चिकटवणे हा उत्सवाचाही अवमान आहे आणि विज्ञानाचाही.

हा केवळ वैचारिक वाद असता तर सोडून देता आला असता. परंतु भीतीपोटी जेथे मुले झोपतात त्या खोल्यांत कीटकनाशक मारले जाते, तेही माणसात कोणताही रोग न पसरवणाऱ्या कीटकावर. त्याच आठवड्यांत डेंग्यू पसरवणारा एडिस डास मात्र कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत निवांत वाढत असतो. तो चावतो मुख्यतः दिवसा. रात्री दिव्याखाली जमलेल्या ढिगाशी त्याचा संबंध नाही. वर, वारंवारच्या फवारणीने डासांत प्रतिकारशक्ती वाढते आणि साथीच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. निरुपद्रवी पाहुण्यावर शस्त्र बोथट करायचे आणि खऱ्या शत्रूसमोर रिकाम्या हाताने उभे राहायचे, यास खबरदारी म्हणत नाहीत.

उपाय साधे आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही. तिन्हीसांजेनंतरचे दोन तास खिडकीजवळचे दिवे बंद ठेवावेत किंवा पडदे ओढावेत. दारावर पांढऱ्याऐवजी पिवळसर, खाली तोंड असलेला दिवा लावावा. तुडतुडा काही मिलिमीटर लांबीचा असतो. डासांची बारीक जाळी त्याला अडवते. दाराखालची फट पट्टीने बुजवावी. तरीही आत आलेल्यांसाठी केरसुणी पुरेशी आहे. कूलरची टाकी मात्र आठवड्यातून एकदा उपसून, घासून कोरडी करावी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी असा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हा कीटक नेमका कोणता, तो येथे का आला, आणि त्याने कोणाचे काय बिघडवले? वाराणसीच्या तुडतुड्यांबाबत तिन्ही उत्तरे उपलब्ध आहेत. त्यांतील एकही उत्तर फवाऱ्याकडे नेत नाही.