पोटात पाय, तोंडात स्ट्रॉबेरी

बॉस, गेल्या वीकेंडला मल्टिप्लेक्स कॅन्सल करून मी शिराळ्याला मामाकडे गेलो आणि रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन परड्यात दबा धरून बसलो. एकदम सीआयडी स्टाईल! केस होती स्ट्रॉबेरी चोरीची.

मामाने हौसेने पाचगणीकडून रोपं आणून चार वाफे केलेत. ड्रिप, मल्चिंग पेपर, सगळं झकास. पण फळ लाल झालं की सकाळी अर्धं खाल्लेलं! संशयित म्हणून शेजारचा आठवीतला पोरगा ‘पकडला’ गेला. मामाने त्याला अख्ख्या गल्लीसमोर झापलं. पोरगं रडकुंडीला आलं आणि अंगणात क्रिकेटला यायचंच बंद झालं.

मला मात्र पुरावा हवा होता. पाखरू चोच मारतं ते बहुतेक वरून, दिसेल तिथे. अळी असेल तर आसपास काळ्या लेंड्या सापडतात. इथे फळाला खालून, मातीच्या बाजूने गुळगुळीत खड्डा होता. आणि पेपरवर वाळलेला, चमचमता चिकट पट्टा. ही तर थेट सही!

टॉर्चच्या उजेडात दोघं जण रंगेहाथ सापडले. एक बिनशंखाची, करड्या रंगाची गोगलगाय. दुसरी तपकिरी पट्ट्यांच्या, निमुळत्या शंखाची. ही आफ्रिकन शंखी गोगलगाय. दिवसा दोघी पेपरखाली ओलाव्यात झोपतात, रात्री जेवायला बाहेर. जिभेवर हजारो बारीक दात, त्यामुळे फळ अक्षरशः किसून खातात.

मामा म्हणाला, “आरं तिच्या! आणि मी त्या पोराला बोललो की रं!”

शंखीला गरीब समजू नका. १८४७ मध्ये एका इंग्रज शंखप्रेमीने मॉरिशसहून तिला कलकत्त्यात आणलं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे तिने कोवळं सोयाबीन असं फस्त केलं, की अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड बंद करून ती महिनोन्‌महिने झोपूही शकते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण तर शास्त्रालाही मान्य आहे. तिच्या वर्गाचं नाव गॅस्ट्रोपोडा, म्हणजे ग्रीकमध्ये ‘पोट-पाय’च!

उपाय सोपा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्यात टाकायचं, सकाळी खाली जमलेली गँग उचलून मिठाच्या पाण्यात. हातमोजे मस्ट, कारण शंखीच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारे जंत असू शकतात. फळंही धुऊनच खा. दुकानात मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात कुत्रं असेल तर नकोच, त्याच्याही जिवावर बेततं. बाल्कनीत कुंड्या असतील तर कुंडीचा तळ आणि खालची ताटली रात्री एकदा चेक करा.

सकाळी मामा वाटीभर स्ट्रॉबेऱ्या घेऊन शेजारी गेला. सॉरी म्हणणं त्याच्या डिक्शनरीत नाही, पण वाटी पुढे करून बराच वेळ उभा राहिला. पोरगं आता टॉर्च घेऊन नाइट ड्यूटीवर आहे. पगार रोज दोन स्ट्रॉबेऱ्या.

तेव्हा दोस्तहो, ऑफिसच्या फ्रिजमधला डबा गायब झाला, तर नव्या ट्रेनीकडे बघण्याआधी एकदा टॉर्च मारा.