मेगापिक्सेलच्या नावानं चांगभलं!

मला कॅमेऱ्यातलं थोडंफार कळतं असा ऑफिसात गैरसमज पसरलाय. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी कोणीतरी टपरीवर गाठून तोच प्रश्न विचारतं : "स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय रे, किती मेगापिक्सेलचा घेऊ?" तर मंडळी, आज शनिवार आहे, बिल्ड हिरवं आहे, एकदाच काय ते लिहून टाकतो.

मुळात प्रश्नच चुकीचा आहे. मेगापिक्सेल म्हणजे फोटोत ठिपके किती, बस्स. ते ठिपके चांगले की वाईट, हे तो आकडा सांगत नाही. जरा गणित करू, इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी कामी येऊ देत. ४ बाय ६ इंची प्रिंट ३०० डीपीआयने काढायला १२०० गुणिले १८००, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. ए-४ प्रिंटला पावणेनऊ. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा भरायला ८.३. मग ४८ मेगापिक्सेलचं काय लोणचं घालायचंय?

खरा माल सेन्सरमध्ये असतो. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. ज्याला 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. (एक इंच त्यात कुठेच नाही. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेलं नाव आहे ते.) प्रकाश म्हणजे पाऊस समजा आणि पिक्सेल म्हणजे अंगणात मांडलेली भांडी. अंगण तेवढंच ठेवून भांडी वाढवायची तर पातेल्यांच्या जागी वाट्या मांडाव्या लागणार. पाणी जास्त हवं असेल तर अंगणच मोठं पाहिजे ना राव! २०२३ च्या गॅलॅक्सी एस२३ अल्ट्राच्या जाहिरातीत २०० मेगापिक्सेल होते, पण शेजारचे सोळा पिक्सेल एकत्र करून तो एरवी फोटो काढतो १२ मेगापिक्सेलचाच.

आणि इथेच लूट सुरू होते. ऑनलाइन पाच-सहा हजारांत बिननावाचे डबे मिळतात : ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स डिजिटल झूम, वर कार्ड फुकट. आमच्या टीममधल्या एकाने भाचीच्या बारशासाठी असला डबा घेतला. आत बारकुसा सेन्सर, जागची न हलणारी लेन्स, आणि ४८ चा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला. पाळण्याशी बसलेल्या पणजीचा चेहरा मेणाचा पुतळा वितळावा तसा आलाय. विक्रेत्याने कुरकुर करत पैसे परत दिले. बारसं कोण परत देणार?

मोठ्या कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे विकायला बाहेर पडले. पुढे फोनने हा धंदा खाल्ला. मग पोरांमध्ये जुन्या कॅमेऱ्यांची फॅशन आली आणि २०२५ मध्ये कॅननने आपलं २०१६ चं मॉडेल, अमेरिकेतलं पॉवरशॉट एल्फ ३६० एचएस, नावापुढे 'ए' लावून पुन्हा आणलं. सेन्सर तोच, वाय-फायवरून थेट प्रिंट काढायची सोय मात्र गायब. किंमत तिकडे साधारण २१० डॉलरवरून ३८० वर! आपण फीचर काढून असं बिल लावलं असतं तर क्लायंटने उभं केलं असतं का दारात?

'सीसीडी लूक'वाल्यांचंही तेच. त्या जुन्या फोटोंची गंमत सेन्सरपेक्षा फ्लॅशमध्ये आणि कॅमेऱ्याच्या आतल्या रंगकामात जास्त आहे. त्या तीन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

मग बघायचं काय?

१. ऑप्टिकल झूम. डिजिटल झूम म्हणजे नुसती कात्री, ती फोनमध्येही आहे.

२. खरा झेनॉन फ्लॅश. फोनच्या एलईडीला तो दम नाही.

३. सेन्सरचा आकार. नव्या १/२.३ इंचीपेक्षा जुना एक इंची बरा. सोनी आरएक्स१०० (२०१२) सेकंडहँड बजेटात बसला तर सोडू नका.

४. बॅटरी आणि कार्ड. पेन्सिल सेलवर चालणारे जुने पॉवरशॉट ए-मालिकेतले सोयीचे. ऑलिंपस-फुजीचं एक्सडी कार्ड लागत असेल तर लांबूनच नमस्कार. एसडीएचसी २००६ मध्ये आलं, त्याआधीच्या कॅमेऱ्याला २ जीबीच्या वरचं कार्ड बहुधा चालणार नाही.

५. बोरा बाजारात स्वतः जा, आपलं कार्ड घेऊन. झूम पूर्ण आत-बाहेर करा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी. मुंबईची दमट हवा लेन्सला सोडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग फोनच काय वाईट? झूम आणि फ्लॅश नको असेल तर अजिबात वाईट नाही. अंधारात तो पाच-दहा फ्रेम एकावर एक रचून स्वस्त कॉम्पॅक्टला सहज हरवतो. तेव्हा पैसे वाचवा, बिनधास्त. पण घ्यायचाच असेल तर दुकानात मेगापिक्सेल शब्द उच्चारू नका. "सेन्सर केवढा?" एवढंच विचारा. दुकानदार आकड्यांवर घसरला तर सरळ पुढचं दुकान गाठा :)