प्रयोगाचा विषय की संशोधनाचा धनी?

जयपूर येथे राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. देशातील हा असा पहिलाच कायदा! पण खासगी डॉक्टरांनी संप पुकारताच ४ एप्रिल रोजी सरकारने तडजोड केली आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची, तसेच सरकारी जमीन वा सवलत न घेतलेली खासगी इस्पितळे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे मान्य केले. पुढे दोन वर्षे लोटली तरी कायद्याचे नियम झाले नाहीत. या सौद्यात आदिवासींना कोणी विचारले होते काय?

आदिवासींवर संशोधन मात्र उदंड झाले. २००२-०३ साली बॅनर्जी, डीटन आणि दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी उदयपूर जिल्ह्यातील शंभर गावांची पाहणी केली. कामाच्या वेळेतही निम्म्याहून अधिक वेळा उपकेंद्रांना कुलूप असल्याचे त्यांना आढळले. पुढे परिचारिकांची हजेरी यंत्राने नोंदविण्याचा प्रयोग झाला. आरंभी हजेरी वाढली. मग आरोग्य खात्यानेच 'सूट दिलेल्या दिवसां'ची खैरात केली आणि सोळा महिन्यांत प्रयोग निष्फळ ठरला. २००८ साली हे सारे प्रसिद्ध झाले.

पाहणी प्रामाणिक होती, यात शंका नाही. परंतु प्रश्न ठरविले बाहेरच्यांनी, मोजमाप केले बाहेरच्यांनी, आणि उपायाची सूत्रे राहिली त्याच नोकरशाहीच्या हाती. ज्यांच्या दारचे उपकेंद्र बंद होते, त्यांच्या हाती ना जाब विचारण्याचा अधिकार आला, ना कुलपाची किल्ली!

यावर सरकारी पंडितांची मखलाशी ठरलेली असते: आदिवासीलाच सरकारी दवाखाना नको असतो, तो भोप्याकडे जातो. आजारी मूल कडेवर घेऊन डोंगर उतरलेली भिल्ल स्त्री कुलूप पाहून परतली आणि पुढच्या वेळी भोप्याकडे गेली, तर ते तिचे अज्ञान नव्हे. तो तिचा अनुभव आहे. दोष तिच्या श्रद्धेचा नाही, राज्यसंस्थेच्या गैरहजेरीचा आहे.

दुसरा मार्ग असतो, हे महाराष्ट्रातील आदिवासीबहुल गडचिरोलीने दाखवून दिले. १९८६ पासून तेथे काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची तपासणी, नोंद आणि उपचार शिकविले. ३९ गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला आणि १९९९ साली 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले. शास्त्र हे केवळ पदवीधरांचे वतन नाही, याचा याहून सज्जड पुरावा कोणता हवा?

राज्यकर्त्यांनी या अनुभवातून काय उचलले? २००५ साली 'आशा' योजना आली आणि २०११ पासून अर्भकांची घरोघरी काळजी घेण्याचे काम देशभर आशांवर सोपविले गेले. ज्ञान घेतले, श्रमही घेतले. पण श्रम करणारीला 'स्वयंसेविका' ठरवून मोबदल्यावर बोळवण केली. योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता आणि किमान वेतन द्या, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरीही महाराष्ट्रातील आशांना २०२१ आणि २०२३ साली संपावर जावे लागले. गौरवपत्राने चूल पेटत नाही!

येथे एक भ्रमही टाळला पाहिजे. एखाद्या संस्थेचे कार्य कितीही मोलाचे असले, तरी ते सरकारच्या जबाबदारीला पर्याय ठरू शकत नाही. 'लोकसहभाग' या गोंडस शब्दाआड खर्चातून अंग काढून घेण्याचा सत्ताधाऱ्यांचा डाव ओळखला पाहिजे. लोकांनी दिशा द्यावी, खर्च मात्र सरकारनेच करावा.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. जयपूरच्या कायद्याचे नियम करून तो अमलात आणा. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात ग्रामसभेच्या संमतीविना आरोग्य-संशोधन नको; निष्कर्ष आधी ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत वाचले जावेत. उपकेंद्राच्या हजेरीवर ग्रामसभेची देखरेख हवी. आशांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन हवे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दहा कोटींहून अधिक आदिवासी आहेत. त्यांची नाडी आजवर पुष्कळांनी मोजली. आता हिशेब मागण्याची पाळी त्यांची आहे. आणि त्या लढ्यात संघटित कामगार-शेतकऱ्यांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेच पाहिजे.