आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती एक्सचा आहे?" आणि दुसरा, "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" गेल्या वर्षभरात ओळखीच्या पाच-सहा जणांनी मला सल्ला विचारला. सगळ्यांनी हेच दोन प्रश्न, ह्याच क्रमाने विचारले. पैकी तिघे माझ्यासारखेच कोड पाडणारे! लॅपटॉप घेताना प्रोसेसरची पिढी कुठली, कॅश किती, पंखा किती आवाज करतो ह्यावर तासभर कीस पाडणारी ही मंडळी. मायक्रोस्कोपच्या खोक्यावर '२०००एक्स' दिसलं की मात्र ह्यांच्यातला इंजिनियर झोपी जातो आणि जत्रेतला गिऱ्हाईक जागा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. २०००एक्स हा आकडा थाप आहे, मेगापिक्सेल ही त्या थापेची धाकटी बहीण आहे, आणि ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे तो खोक्यावर छापलेलाच नसतो.

तो आकडा म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर, थोडक्यात एनए. ऑब्जेक्टिव्ह (शाळेच्या पुस्तकातलं वस्तुभिंग हो) नमुन्याकडून येणारा प्रकाश किती रुंद कोनातून गोळा करू शकतं, त्याचं हे माप. १८७३ साली अर्न्स्ट ॲबे ह्या जर्मन शास्त्रज्ञाने येना इथे बसून दाखवून दिलं की भिंग कितीही उत्तम घासा, दोन ठिपके वेगळे दिसायची मर्यादा ठरते ती प्रकाशाची तरंगलांबी आणि हा कोन ह्या दोनच गोष्टींनी. तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट. येनामधल्या त्याच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेलं आहे. आपल्याकडच्या दुकानांतही कोरायला हरकत नाही.

हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरा आणि गणित करून बघा. नेहमीच्या १०एक्स ऑब्जेक्टिव्हचा एनए ०.२५ असतो, म्हणजे मर्यादा १.१ मायक्रॉन. ४०एक्सचा ०.६५, मर्यादा साधारण ०.४२ मायक्रॉन. तेलात बुडवून वापरायच्या १००एक्सचा १.२५, मर्यादा ०.२२ मायक्रॉन. हवेतून बघताना एनए १ च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून तर तेलाचा खटाटोप. बरं, एनएला १००० ने गुणलं की जे येतं त्याच्या वर मॅग्निफिकेशन नेऊन काहीही नवीन दिसत नाही. १.२५ गुणिले १००० म्हणजे १२५०. मग २०००एक्स कुठून आलं? १००एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर २०एक्सचा आयपीस खोचला की झालं. पोरगं तेच, फक्त बूट उंच टाचांचे. जगभर मलेरियाचा परजीवी रक्तात शोधतात तो १००एक्स तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने आणि १०एक्सच्या आयपीसने, म्हणजे एकूण १०००एक्सवर. माणसाचं निदान तेवढ्यात होतं, आणि आपल्याला कांद्याचा पापुद्रा बघायला २००० पाहिजे?

उलट बाजू बघा. सतराव्या शतकात डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी लेवेनहूक एकाच चिमुकल्या भिंगातून दातांवरच्या किटणातले जिवाणू बघत होता. उत्रेख्तच्या संग्रहालयात जपलेलं त्याचं भिंग जेमतेम २६६ पट मोठं दाखवतं. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदाचा फोल्डस्कोप (त्याचा शोधनिबंध २०१४ चा) १४०एक्सचा आहे आणि तेवढंच सांगतो. त्यातून दोन मायक्रॉनच्या आसपासचा तपशील दिसतो. छोटा आकडा आणि खरा आकडा.

"अरे पण हौसेची गोष्ट आहे, एवढं काय मनावर घेतोस?" असं मला एका मित्राने ऐकवलं. मनावर घेतो, कारण ह्यात पोरांचा बळी जातो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मुलीला वाढदिवसाला असंच एक २०००एक्सचं खोकं आणून दिलं. पोरगी नऊ वर्षांची, चौकस. तिने कांद्याचा पापुद्रा लावला, सगळ्यात मोठं मॅग्निफिकेशन लावलं (कोण नाही लावणार?) आणि तिला दिसलं राखाडी धुकं. चार दिवस धुकं बघून तिने निष्कर्ष काढला की आपल्याला हे जमत नाही. खोकं माळ्यावर. नंतर ती आमच्याकडे आली तेव्हा मी तीच काचपट्टी १०एक्स/०.२५ खाली ठेवली, एकूण फक्त १००एक्स. पेशींच्या भिंती, आत एकेक केंद्रक... पोरगी मोजत बसली. तिच्यात खोट नव्हती, खोक्यात होती. पण विकणाऱ्याने तिला पटवून दिलं होतं की खोट तिच्यात आहे. हे मला सहन होत नाही.

आता कॅमेरा. इथे तर शिकलेल्यांचाही गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

ऑब्जेक्टिव्हने जेवढा तपशील वेगळा केला, त्या प्रत्येक अंतरावर दोन पिक्सेल बसले की काम झालं. आपण सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला नायक्विस्ट घोकला होता ना, तोच. १०एक्स/०.२५ चा १.१ मायक्रॉनचा तपशील सेन्सरवर पडताना दहापट होतो, म्हणजे ११ मायक्रॉन. दोन पिक्सेल म्हणजे साडेपाच मायक्रॉनचा एक. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर (तुमच्या-आमच्या साध्या डीएसएलआरचा) असे सुमारे १.२ कोटी पिक्सेल मावतात, म्हणजे १२ मेगापिक्सेल. आता ४०एक्स/०.६५ घ्या. ०.४२ चे झाले १७ मायक्रॉन, पिक्सेल साडेआठचा, आणि त्याच सेन्सरवर लागतात फक्त ५ मेगापिक्सेल. १००एक्स तेलाला? तीन! म्हणजे मॅग्निफिकेशन जसं वाढतं तशी मेगापिक्सेलची गरज कमी होत जाते. सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरपोटी थोडे जास्त धरा, तरी तुमच्या कपाटातला दहा वर्षं जुना कॅमेरा गरजेपेक्षा जास्तच आहे. तरीही लोक ४०एक्सच्या डोक्यावर २० मेगापिक्सेल लावतात आणि 'शार्प येत नाही' म्हणून आणखी मोठा कॅमेरा शोधतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मोठा पोहरा आणला म्हणून विहिरीला पाणी लागत नाही.

आयपीसच्या जागी खोचायचे स्वस्त यूएसबी कॅमेरे ही वेगळीच गंमत. त्यातला '५ मेगापिक्सेल'चा सेन्सर बहुतेक वेळा ५.७ गुणिले ४.३ मिलिमीटरचा असतो. आयपीसमधून तुम्हाला जे वर्तुळ दिसतं त्याचा व्यास तिथे १८ मिलिमीटर. म्हणजे मध्ये छोटं करणारं भिंग नसेल तर डोळ्याला दिसणाऱ्या दृश्याचा साधारण दहावा भाग फोटोत येणार. रोटिफर पळाला की शोधत बसा. पुन्हा काहींवर जे १२-१४ मेगापिक्सेल छापलेलं असतं ते सॉफ्टवेअरने ताणलेलं.

त्यापेक्षा तुमच्या खिशातला फोन चांगला. हो, खरंच. दहा एक्सच्या बऱ्या आयपीसवर फोन नीट धरणारा एक होल्डर आणा. हाताने धरू नका, कापतो. फोनचं भिंग आयपीसच्या वर जिथे प्रकाशाचा बारीक गोल ठिपका तयार होतो तिथे आणा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, जमत असेल तर रॉ मध्ये घ्या. ह्या पद्धतीचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. ऑलिंपस, झाइस, लाइट्झ ह्यांची १६० मिमी ट्यूबची जुनी ऑब्जेक्टिव्हं रंगदोषाचा काही भाग मुद्दाम आयपीसवर सोडत. तो आयपीस काढून थेट सेन्सरवर प्रतिमा पाडली की कडांना लाल-निळ्या झालरी येतात, आणि आपण शिव्या घालतो ऑब्जेक्टिव्हला. त्याच कंपनीचा जोडीचा आयपीस ठेवून वरून फोटो काढला की झालर गायब. निकॉनची १९७० च्या दशकात आलेली सीएफ मालिका रंगदोष ऑब्जेक्टिव्हमध्येच निस्तरते, म्हणून ती थेट कॅमेऱ्यावरही चालते. थेट जोडताना एवढंच, की १६० मिमीच्या ऑब्जेक्टिव्हची प्रतिमा त्याच्या खांद्यापासून १५० मिमीवर तयार होते. सेन्सर तिथे आला पाहिजे, दिसेल त्या ॲडॉप्टरवर नाही.

ज्याच्यावर १६० ऐवजी आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह कोरलेलं असतं, ते ऑब्जेक्टिव्ह एकट्याने प्रतिमा पाडतच नाही. त्याला पुढे ट्यूब लेन्स लागते. निकॉनची २०० मिमी, ऑलिंपसची १८०. आणि इथे हौशी फोटोग्राफरची लॉटरी आहे. तुमच्या ७०-३०० झूमला एका रिंगवर निकॉनचं अनंतवालं १०एक्स/०.२५ लावा, झूम २०० वर ठेवा, फोकस अनंतावर. मुंगीच्या डोळ्याचे एकेक षटकोन दिसतील. फोकसची खोली मात्र जेमतेम ९ मायक्रॉन, तेव्हा शंभरेक फोटो घेऊन एकावर एक रचायची तयारी ठेवा.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. "ॲपोक्रोमॅट नसेल तर फोटो काढूच नये" म्हणणारे. ह्यांच्या कपाटात लाखाची काच असते आणि फोटो असतो तो त्या काचेचाच! ॲपोक्रोमॅट उत्तम असतात, वाद नाही. पण कंडेन्सर खाली उतरलेला, त्याचा डायफ्रॅम टाचणीएवढा मिटलेला, आणि कव्हरस्लिप वाट्टेल त्या जाडीची, अशा अवस्थेत ०.९५ चं ॲपो लावणं म्हणजे रणगाड्याला सायकलची चाकं. कंडेन्सरचा एनएही हिशेबात येतो, तो मिटला की तुमच्या ऑब्जेक्टिव्हचा एनए तुम्हीच कापला. ऑगस्ट कोहलरने प्रकाश कसा लावायचा हे १८९३ साली सांगून ठेवलंय आणि ते फुकट आहे. ऑब्जेक्टिव्हवरचा ०.१७ हा आकडा कव्हरस्लिपची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो, ४०एक्स/०.६५ ला ती चुकलेली कळते, त्याहून मोठ्या एनएच्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हला तर झोंबते.

माझं मत विचाराल तर हौशी माणसाने १००एक्सचा नाद सोडावा आणि २०एक्स/०.४० घ्यावं. ४-१०-४०-१०० च्या ठरलेल्या संचात हे बिचारं नसतंच. मर्यादा ०.७ मायक्रॉनच्या आत, ४०एक्सपेक्षा काचपट्टीपासून जरा लांब राहतं, आणि गॅलरीतल्या कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात (महापालिकेने दंड करायच्या आत) जे काही वळवळतं ते सगळं ह्याच्यात मस्त मावतं. 'प्लॅन' लिहिलेलं मिळालं तर फोटोच्या कडाही फोकसमध्ये राहतील. डोळ्याने बघताना साधं ॲक्रोमॅट चालून जातं, कॅमेऱ्याला नाही.

"आता सगळं एआय शार्प करून देतं" हा नवा युक्तिवाद. ह्याची मात्र मला भीती वाटते. प्ल्युरोसिग्मा नावाच्या डायटमच्या कवचावर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास अंतर असलेल्या ओळी असतात. ०.६५ चं ऑब्जेक्टिव्ह खरं की खोटं हे त्यावरून जोखायची रीत जुनी आहे. फोनने त्या ओळी स्वतःच्या मनाने काढल्या तर काय जोखलं? लग्नाच्या फोटोत नवरीचा गाल गुळगुळीत केला तर फार तर सासू खूश होईल. इथे एक ठिपका आहे की दोन, हाच तर प्रश्न असतो. त्याचं उत्तर प्रकाशाने द्यायचं, अंदाजाने नाही.

शेवटी पैशाचं. नवीन चकचकीत खोक्याऐवजी नावाजलेल्या कंपनीची वापरलेली एक-दोन ऑब्जेक्टिव्हं घ्या. पुढचं मागचं आटं बहुतेक जुन्या ऑब्जेक्टिव्हांवर एकच, रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या मापाचं असतं, त्यामुळे अंबाल्याच्या साध्या स्टँडवरही ती बसतात. घेताना आयपीस काढून उलटा धरा आणि भिंगासारखा वापरून ऑब्जेक्टिव्हच्या दोन्ही टोकांत बघा. पुढच्या काचेवर वाळलेलं तेल पुसता येतं, पण आत काचांचा जोड सुटून इंद्रधनुष्यी चकत्या दिसल्या किंवा बुरशीचं जाळं दिसलं तर हात जोडून परत करा. मुंबई-कोकणातला माल असेल तर बुरशी दोनदा बघा. आणि घरी आणलंत की पावसाळ्याचे चार महिने ते हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. मूळचं चामडी पाकीट कितीही देखणं असलं तरी त्यात नको, बुरशीला ते फार आवडतं.