दीडपट वेगाने

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. 'द डिसायपल' हा सिनेमा मी पहिल्यांदा दीडपट वेगाने बघितला. पीएल चालू होती (पीएल म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं करायची अधिकृत सुट्टी, हे फर्स्ट इयरवाल्यांसाठी). मी घरी मिरजेला. मांडीवर लॅपटॉप, हातात मोबाइल, शेजारी सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं पुस्तक नुसतंच उघडं... आणि सिनेमा दोन तासांच्या वर! म्हटलं, चला, वेळ वाचवू.

शिवाय इंग्रजी सबटायटल्स चालू. हसू नका! कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली की मराठी बोलता येतं, भांडता येतं, पण कोणी साधना-बिधना असं जड बोलायला लागलं की डोळे आपोआप स्क्रीनच्या खालच्या पट्टीकडे जातात. म्हणजे मातृभाषेतला सिनेमा मी चक्क इंग्रजीतून वाचत होते, तोही घाईघाईने.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "काय गं, ह्याला कुठली गाडी पकडायचीय?"

आमचे आजोबा रेल्वेतून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांच्या सगळ्या उपमा रेल्वेच्याच. मी ईएनटीसीवाली, लगेच ज्ञान पाजळलं, की आजोबा, वेग वाढवला तरी सूर बदलत नाही, सॉफ्टवेअर फक्त वेळ दाबतं, पट्टी तीच ठेवतं. ते म्हणाले, "पट्टी तीच आहे, कळतंय मला. श्वास कुठं गेला त्याचा?"

यावर काय बोलणार! लॅपटॉप मिटला आणि मेसला... चुकले, घर होतं, स्वयंपाकघरात गेले.

पण तेव्हापासून मी घरबसल्या बघितलेल्या सिनेमांचा जरा हिशोब मांडायला लागले. काही सिनेमे आपल्या या बघण्यातूनही सहीसलामत सुटतात. परेश मोकाशींचा 'वाळवी' (2023) घ्या. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा खून आत्महत्येसारखा दिसावा म्हणून प्लॅन करतात आणि मग जो काही गोंधळ होतो तो होतो. झी फाइव्हवर आम्ही हॉस्टेलच्या रूममध्ये सातजणींनी बघितला, मध्ये मॅगी झाली, दोनदा लाइट गेली, तरी कोणाचं काही चुकलं नाही. कारण सिनेमाच आपली मानगूट धरून पुढे नेतो. मस्त आहे. दुसऱ्यांदा बघावासा वाटला नाही, पण तसा दावाही नसावा त्याचा.

'लापता लेडीज' 1 मार्च 2024 ला थिएटरमध्ये आला, तेव्हा आमच्यापैकी कोणी फिरकलं नाही. एप्रिलच्या शेवटी नेटफ्लिक्सवर आला आणि आठवड्याभरात सगळं हॉस्टेल त्यावरच बोलतंय! माझं मत थोडं वेगळं आहे. शेवट जरा जास्तच गोड झालाय, सगळेच शहाणे होतात. पण स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई, म्हणजे आपल्या छाया कदम, आली की बाकी सगळं माफ.

छाया कदम मला पुन्हा भेटल्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये. पायल कपाडियाच्या या सिनेमाला 2024 साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं होतं. प्रभा आणि अनु या मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स, आणि हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, बिल्डरमुळे घर गमावून रत्नागिरीकडे गावी परतणारी पार्वती. इथे मात्र सबटायटल्स वाचताना लाज वाटली नाही, मल्याळम आपल्याला थोडीच येतं? मुंबईचा भाग मला फार आवडला. कोकणात गेल्यावर मी दोनदा मोबाइल बघितला, हेही खरं. दोष सिनेमाचा की माझा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

'थ्री ऑफ अस'बद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. अविनाश अरुणचा हा सिनेमा थिएटरमध्ये 2023 साली आला, मी नंतर नेटफ्लिक्सवर बघितला. शैलजाची स्मरणशक्ती हळूहळू जायला लागलीये, आणि पूर्ण जायच्या आत ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, लहानपणी काही वर्षं काढली त्या गावात. आता सांगा, जिच्याकडे वेळ कमी उरलाय ती बाई सावकाश चालतेय, आणि आपल्याकडे अख्खी सुट्टी असून आपण दहा-दहा सेकंद पुढे ढकलतोय! त्यातल्या नवऱ्याचं (स्वानंद किरकिरे) काम म्हणजे बरंचसं नुसतं बघत राहणं. पुढे ढकललं की पहिला तोच गायब होतो.

तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर थिएटरला जा. पण 'द डिसायपल' जायचा कुठे? 2020 साली व्हेनिसला त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं, आणि 30 एप्रिल 2021 ला तो थेट नेटफ्लिक्सवर आला. तेव्हा कोरोनामुळे आपल्याकडची थिएटर्स बंदच होती. लॅपटॉप नसता तर मला तो दिसलाच नसता. त्यामुळे 'थिएटर ते थिएटर' असे गळे काढणाऱ्यांत मी नाही. बटण माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते दाबलं, तक्रार एवढीच, आणि तीही स्वतःबद्दल.

असो. दोन दिवसांनी आजोबांना टीव्हीसमोर बसवलं आणि तोच सिनेमा पहिल्यापासून लावला. साध्या वेगात, सबटायटल्स बंद. अडलं तिथे त्यांना विचारत होते. शरद नेरुळकर नावाचा मुलगा शास्त्रीय गाणं शिकतोय. रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकलवरून जाताना कानात माईंची जुनी भाषणं ऐकतो (तो आवाज सुमित्रा भावेंचा). चैतन्य ताम्हाणेनं ही दृश्यं मुद्दाम संथ ठेवलीयेत, आणि मी शहाणी त्यावर दीडपट लावून बसले होते! गुरुजींचं काम करणारे अरुण द्रविड हे किशोरीताईंचे शिष्य, आणि व्यवसायाने केमिकल इंजिनीअर. आपल्या बिरादरीतले, बरं का!

शरद सगळं नीट करतो. रियाज करतो, गुरूची सेवा करतो, वर्षं घालवतो. आणि तरीही तो मोठा गवई नाहीये. सिनेमा हे ओरडून सांगत नाही, बैठकीत त्याचं गाणं ऐकता ऐकता आपल्याला कळत जातं. सगळी जर्नल्स वेळेवर देऊनही आपण साधारणच असू, ही भीती आपल्यापैकी कितीजणांना असते? मला आहे. घाईत बघताना तो मला नुसता रडका वाटला होता.

एक समीक्षक शरदला त्याच्या आवडत्या माणसांबद्दल नको ते सांगतो आणि शरद ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. तिथे आजोबा म्हणाले, "बरं केलं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सिनेमा संपल्यावर पुसायला चष्मा काढला आणि म्हणाले, "मी अकरा वर्षं शिकलो."

वीस वर्षं मी या घरात आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं, मग सोडलं का?

"सोडलं नाही गं. आपण कुठवर जाणार, ते आपलं आपल्याला ऐकू यायला लागलं."

मी रिमोट घेऊन तशीच बसले. ते म्हणाले, "तो मोटरसायकलचा भाग परत लाव बघू."

परवा पेपर होता. लावला.